पेटी चालू होती

आता जे लिहितोय ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही, ज्यांच्यासोबत पंचवीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला त्या सहकाऱ्यांना तर नाहीच नाही. बायको जाऊन चार वर्षं झाली. तिला तरी सांगायला हवं होतं असं आता वाटतं. ती असताना का नाही वाटलं? ती असताना मी हे सगळं जवळजवळ विसरलो होतो. जवळजवळ — पूर्ण नाही.

माझं वय चौऱ्याहत्तर. दोन ओळी लिहिल्या की बोटं आखडतात, पेन खाली ठेवावं लागतं. मग खिडकीतून रस्ता बघत बसतो, आणि वाटतं, राहू दे, आता कुणाला काय फरक पडतो? पण फरक पडतो. एका बाईला पडतो. तिला तो पडतोय हे तिलाच माहीत नाही — आणि ते माहीत असलेला माणूस जगात एकच आहे.

तर ऐका.

जालन्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट माझ्याकडे होता. चार-चार जणांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाने वर्षभरात एक चालती वस्तू बनवायची. नुसता कॉम्प्युटरचा प्रोग्राम चालणार नाही, नुसतं सर्किटही चालणार नाही — दोन्ही मिळून काहीतरी झालं पाहिजे. दर शनिवारी गटाची वही मी तपासायचो, लाल शाईने शेरा मारून सही करायचो. लॅबच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत मीच रंगवून घेतलं होतं : जोडण्याआधी मोजा. म्हणजे कुठलीही वीज कुठल्याही बोर्डाला देण्याआधी मीटर लावून व्होल्ट बघा. वर्षाच्या पहिल्या तासाला मी त्या पाटीखाली उभा राहून अर्धा तास बोलायचो. मुलं मागे माझी नक्कल करायची, तेही मला ठाऊक होतं. मला ते आवडायचं.

आणखी एक पद्धत मी सुरू केली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. प्रोजेक्ट संपला की गटातल्या प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहायची. शंभर गुण चौघांत वाटायचे — कुणी किती काम केलं, त्याप्रमाणे. स्वतःलाही द्यायचे. घडी घालून खडूच्या रिकाम्या खोक्यात टाकायची. त्या चिठ्ठ्या मी एकटा उघडायचो आणि त्यावरून गटाच्या गुणांतला ज्याचा त्याचा वाटा ठरायचा. फुकटे पकडले जायचे, राबणारे वर यायचे. दुसऱ्या कॉलेजांतले लोक विचारायला यायचे, तेव्हा मी म्हणायचो, मुलं एकमेकांबद्दल खोटं लिहीत नाहीत हो. हे बरोबर होतं. मुलं लिहीत नव्हती.

मी मूळ गोष्टीपाशी यायचं टाळतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

त्या वर्षी एका गटाने उगवणीची पेटी घेतली. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या पुष्कळ. बी बाजारात पाठवण्याआधी किती उगवतं ते तपासतात — ओल्या कागदात गुंडाळून ठरावीक उष्णतेत, ठरावीक ओलीत काही दिवस ठेवतात आणि कोंब मोजतात. पेटीतली उष्णता आणि ओल सांभाळायचं काम या गटाच्या बोर्डाने करायचं, आणि तासातासाची नोंद कॉम्प्युटरवर उमटायची. एका कंपनीचे साहेब स्वतः दोनदा येऊन पाहून गेले. दुसऱ्या वेळी निघताना म्हणाले, "बोर्ड जो बनवंल त्याला मी घेऊन जाणार सर. आमच्याकडं यंत्रं दुरुस्त करायला माणूस न्हाई." हे त्यांनी चौघांसमोर सांगितलं होतं.

बोर्ड बनवत होती रेखा. कुंभार पिंपळगावची. घरी शेती; जालन्यात मुलींच्या वसतिगृहात राहायची. गटात ती एकटी मुलगी. तीन मुलगे पहिल्याच दिवशी प्रोग्रामकडे पळाले — हार्डवेअर म्हणजे चटके, धूर आणि शिव्या, हे सगळ्यांना माहीत असतं. ती म्हणाली, "कुणीच घेत न्हाई तर मी घेते सर. मला तसंबी बसून टाइप करायचा कंटाळा हाये. हाताला काम पायजे."

आणि काम तिने असं केलं, की तिचे सोल्डरचे, म्हणजे डाखाचे, जोड बघून मला माझे तरुणपणाचे दिवस आठवायचे. गटातला अमोल तिला छेडायचा. "रेखे, हे सोल्डर लावलं का लापशी?" ती मान वर न करता म्हणायची, "तुझ्या प्रोग्रामपेक्षा घट्ट हाये. तो तर फुंकर मारली की पडून राह्यला." सगळे हसायचे. मीही हसायचो. चांगला गट होता तो.

तिच्या सावधपणाची एक गोष्ट सांगतो. तिच्या बोर्डाला पाच व्होल्ट लागायचे. लॅबच्या कपाटात मात्र बारा व्होल्टचे अ‍ॅडॉप्टर ढिगाने पडलेले, आणि त्यांची पिन अगदी तशीच, गोल. चुकून कुणी तो खुपसला तर बोर्ड गेलाच. म्हणून आपल्या अ‍ॅडॉप्टरला तिने लाल दोरा गुंडाळला होता, आणि काम झालं की तो काढून ती स्वतःच्या पिशवीत ठेवायची. पेटी लॅबमध्ये, अ‍ॅडॉप्टर तिच्याजवळ. शिवाय जास्त व्होल्ट आले तर बोर्ड वाचावा म्हणून तिने आराखड्यात एक छोटा भागही दाखवला होता. तो मी एका शनिवारी खोडला. लाल शाईने लिहिलं : गरज नाही, सर्किट साधं ठेवा. का खोडला? खरं सांगायचं तर ती जोडणी मला पटकन समजली नाही, आणि तिला विचारायची लाज वाटली. दहाएक वर्षांत मी सोल्डरची बंदूक हातात धरली नव्हती. मुलं माझ्या पुढे गेली होती. ते त्यांना कळू नये, एवढ्यासाठी मी लाल शाई वापरायचो.

आता तो दिवस.

दुपारी दोनला प्रात्यक्षिक. बाहेरचे परीक्षक यायचे होते, कंपनीचे साहेब यायचे होते. सकाळी अकराला चौघांनी पेटी चालवून पाहिली, छान चालली, आणि एकच्या सुमाराला सगळे जेवायला गेले. लॅबची किल्ली माझ्याजवळ. मी आत गेलो, एकटा.

का गेलो? पाहुण्यांसमोर पेटी आपल्या हाताने चालू करावी, दोन शब्द बोलावे, असं माझ्या मनात होतं. आणि ती चालू कशी करतात हेच मला नीट माहीत नव्हतं. मुलांसमोर चाचपडायला नको, म्हणून आधी एकदा करून बघू — बस, एवढंच. अ‍ॅडॉप्टर अर्थातच तिथे नव्हता. तासभर थांबलो असतो तर ती तो घेऊन आली असती. मी कपाट उघडलं, वरचाच एक उचलला. पिन बसली. चष्मा टेबलावर होता. तो लावून अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे वाचले नाहीत. मीटर हातभर अंतरावर होता. पाटी डोक्यावर होती.

बटण दाबलं. दिवा एकदा लख्ख पेटला — नेहमीपेक्षा जास्त लख्ख — आणि विझला. मग तो वास. ज्यांनी या धंद्यात दिवस काढलेत त्यांना तो वास सांगावा लागत नाही.

मी पिन उपसली. झाकण लावलं. खिडक्या उघडल्या, पंखा पूर्ण सोडला. अ‍ॅडॉप्टर कपाटात परत ठेवला — वर नाही, खालच्या अ‍ॅडॉप्टरांच्या गुंत्यात. मग नळावर जाऊन हात धुतले. हात कशाने बरबटले होते? कशानेच नाही. तरी साबण लावून धुतले.

इथपर्यंत ती चूक होती. एका म्हातारा होत चाललेल्या मास्तराची मूर्ख चूक. तेवढंच असतं तर हे लिहायला बसलो नसतो.

दोन वाजता सगळे आले. रेखाने नवा ड्रेस घातला होता, केसांना तेल लावून घट्ट वेणी. अमोल म्हणाला, "आज तुझा दिवस हाये रेखे, पेढे सांगून ठेव." ती म्हणाली, "आधी तुझा प्रोग्राम तर उठू दे." पिशवीतून लाल दोऱ्याचा अ‍ॅडॉप्टर काढला. आधी मीटर लावला. पाच. मग पिन खुपसली, बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा काढली, पुन्हा लावली. झाकण उघडलं. तिच्या कानामागून घाम आला, तो मला दिसत होता. परीक्षक चांगले जाणते होते. त्यांनी वाकून बोर्ड हुंगला आणि म्हणाले, "जळालाय हा. जास्त व्होल्टेज गेलंय." मग त्यांनी तिचा अ‍ॅडॉप्टर मोजला. पाच. "दुसरा कुठला लावला होता का?"

"न्हाई सर. अकराला पेटी चालू होती. अमोल, तू पाह्यली ना?"

"चालू होती सर," अमोल म्हणाला.

"मग आपोआप कशी जळेल?"

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही. मोठ्या माणसाने यातून काहीतरी वाट काढावी, तशा नजरेने.

आणि मी बोललो. कुणी मला विचारलं नव्हतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी हसत — होय, हसत — परीक्षकांना म्हणालो, "घाईघाईत हाताला येईल तो लावतात हो. मग आठवत नाही."

हे ते वाक्य. सतरा वर्षं झाली.

परीक्षकांनी मान हलवली. त्यांनी अशी मुलं पुष्कळ पाहिली होती. मग त्यांनी तिला विचारलं, "बरं, जास्त व्होल्टेजपासून संरक्षण का नाही दिलं? हे तर साधं आहे." वही तिच्या हातात होती. माझी लाल शाई त्या वहीत होती. पान उघडून पुढे केलं असतं तर प्रश्न तिथंच संपला असता. तिने वही छातीशी धरली आणि म्हणाली, "राहून गेलं सर." सरांना चारचौघांत खाली बघायला लावायचं नाही, हे तिला घरून शिकवलेलं होतं. मला काय शिकवलेलं होतं?

बाहेर गेल्यावर दोघं मुलं तिच्यावर तुटून पडली. मी दाराच्या आत होतो, ऐकू येत होतं. "एक काम दिल्तं तुला, एक!" "वर्षभराचं वाटोळं केलं बिलकुल." अमोल तेवढा म्हणाला, "जाऊ द्या रे, तिनं काय मुद्दाम केलं का?" आणि मग तिचा आवाज, अगदी खालचा — "मला तर आठवत न्हाई रे. पण सर म्हणून राह्यले म्हंजे... लावला असंल मीच."

तिला स्वतःची आठवण खोटी वाटली, कारण मी तसं म्हणालो होतो. बोर्ड पुन्हा करता आला असता. हे कशाने भरून येणार होतं?

त्या गटाच्या चिठ्ठ्या मी दुसऱ्या दिवशी उघडल्या. दोघांनी तिला पाच-पाच दिले होते. अमोलने पंधरा. चौथी तिची. तिने तिघांना तेहेतीस-तेहेतीस दिले होते आणि स्वतःपुढे लिहिला होता एक. बेरीज शंभर व्हायला हवी, असा नियम होता ना. म्हणून उरलेला एक.

ती चिठ्ठी पुन्हा घडी घालून मी गुणांचा तक्ता पुढे ओढला. त्या तक्त्याला एक रकाना होता — चिठ्ठ्यांप्रमाणे गुण द्यायचे नसतील तर विभागाने कारण लिहावं. मीच ठेवलेला. त्यात एक ओळ लिहायची होती. बोर्ड माझ्या हातून जळला — एवढंच. लिहिली असती तर काय झालं असतं? निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. मला कुणी काढणार नव्हतं. दंड नव्हता, चौकशी नव्हती. फार तर पाटीवाले सर म्हणून दोन-चार वर्षं हसले असते. बस. एवढ्या किमतीत ती मुलगी सुटत होती, आणि मला तीही किंमत जास्त वाटली.

रकाना मी कोरा ठेवला. चिठ्ठ्यांप्रमाणे ती नापास होत होती. तोंडी परीक्षेत चार-पाच गुण वाढवून मी तिला काठावर पास केलं. त्या रात्री मला झोप लागली, हेही सांगून टाकतो. वाटलं, भरपाई झाली.

कंपनीच्या साहेबांनी अमोलला नेलं. यंत्रं दुरुस्त करायला नव्हे, कॉम्प्युटरवर बसायला. पोरगा गुणी होता, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. यंत्रांसाठी त्यांनी पुढे बाहेरगावचा कुणी ठेवला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगी हुशार वाटल्ती सर, पण बेभरवशाची निघाली." मी काय केलं? मान डोलावली.

दोन वर्षांपूर्वी जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानात मागून हाक आली, "सर!" वळून पाहिलं तर रेखा. नवरा सोबत, हातात पिशव्या. मला तिने दुकानातल्या गादीवर बसवलं, चहा मागवला, पाया पडली. घनसावंगीला एका दाखल्यांच्या केंद्रात बसते म्हणाली — लोकांचे अर्ज भरायचे, दिवसभर टायपिंग. हसून सांगत होती, तक्रार म्हणून नाही. मी विचारलं, हाताचं काम सोडलंस? खरं तर विचारायला नको होतं.

"कवाच सोडलं सर. त्या पेटीनंतर भेवच बसलं. घरचा मिक्सर बिघडला तरी मी हात लावत न्हाई, यांनाच सांगते." मग नवऱ्याकडे वळून, "हे आमचे सर बरं का. मी कॉलेजात केवढा घोटाळा करून ठेवल्ता, तरी यांनी मला सांभाळून घेतलं. न्हाई तर गेल्तंच माझं वर्ष."

नवऱ्याने हात जोडले. "लई उपकार झाले सर."

समोर बसली होती. चहा हातात होता. दुकानात गर्दी होती, पण ऐकायला कान तिघांचेच होते. याहून सोपी वेळ मला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणालो, "चालायचंच गं."

पहिल्या वेळी मी घाबरलो होतो असं कुणी म्हणू शकेल. कापडाच्या दुकानात मला कुणाची भीती होती? तिचा आदर हवा होता, दुसरं काही नाही. जो तिच्याच नुकसानीवर उभा होता, तो आदर. तो मी चहासोबत घेतला आणि घरी आलो.

तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत दोन वर्षं गेली. आता नोंद दुरुस्त करतो. त्या गटाचा बोर्ड निर्दोष होता. त्याचे जोड, त्याची मांडणी, त्याची वीज — सगळं रेखाने तपासून, मोजून केलेलं होतं. संरक्षणाचा भाग तिने घातला होता, तो मी काढायला लावला. अकराला पेटी चालू होती. दुसरा अ‍ॅडॉप्टर तिने लावला नाही, कधीच लावला नाही. तिला जे आठवत होतं तेच खरं होतं. लावला मी. बारा व्होल्टचा, न मोजता, एक वाजून काही मिनिटांनी. आणि दोष तिच्यावर जावा म्हणून जे बोललो ते खोटं आहे हे मला बोलताना ठाऊक होतं.

हे छापायला देण्याआधी याची एक प्रत घनसावंगीच्या पत्त्यावर तिला पाठवली आहे. सोबत चिठ्ठी लिहायला घेतली होती, पण फाडली. चिठ्ठीत मी माफी मागितली असती — आणि ती मुलगी अशी आहे, की तिने ती लगेच देऊन टाकली असती.